तेविसावा आठवडा

नक्षी शाबूत होती.
मी नख घालून पाहिलं, मग एक रुपयाचं नाणं,
नाणं चांगलं आत गेलं.
जोविटो म्हणाला, बघ, सांगत होतो ना,
गाडी फिरलीय किती, आणल्यापासून सगळी मिळून नऊशे किलोमीटर.

ती उभी होती गिरीच्या रस्त्याकडेला, माझ्या दुकानासमोर,
पिवळी, बुटकी, दोनच माणसांची,
आत शिरायचं तर आधी जमिनीशी बोलणी करावी लागतात.
साळगावहून इथवर प्रत्येक गतिरोधकावर
तिला तिरकी करून, एकेक चाक उतरवत आणली होती त्याने,
मागे दूधवाला हॉर्न मारत होता तरी.

मी टायरच्या कुशीवरची धूळ थुंकी लावून पुसली.
चार आकडे. तेवीस सतरा.
दोन हजार सतरा सालचा तेविसावा आठवडा.
त्या आठवड्यात कुठल्याशा देशात
हे रबर साच्यातून गरम गरम बाहेर आलं
आणि तेव्हापासून म्हातारं होत राहिलं,
तू बोटीवर असताना,
आंब्याखाली, ताडपत्रीत,
एकाच जागी बसून, हवा सोडत.
बोटाने दाबून भेगा दाखवल्या त्याला,
टाचेला पडतात तसल्या, बारीक.
ह्यांच्यावर शंभरच्या पुढे जाऊ नकोस, म्हटलं.
खरं तर साळगावलाही हळूच जा.

मग किंमत.
ती मी तोंडाने सांगत नाही, कागदावर लिहितो.
मागचे अठ्ठेचाळीस हजारांना एक, पुढचे चव्वेचाळीस.
मागचे रुंद, पुढचे अरुंद, अदलाबदल चालत नाही.
दोनच बदलू का? नाही.
एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
त्याने बोटांवर काहीतरी मोजलं,
पैसे नव्हेत, महिने,
बोटीच्या गॅलीतले, कांद्यांचे.

माझा बाप डिचोलीला खाणीच्या ट्रकांचे टायर रिमोल्ड करायचा.
गुळगुळीत झालेल्याला नवी कातडी.
एकाचे तीन जन्म काढतो, म्हणायचा.
खाणी बंद पडल्या तेव्हा चाळीस टायर अंगणात राहिले,
पाणी साचलं, डास झाले,
ट्रकवाला एकही आला नाही, आरोग्य खात्याचा माणूस मात्र आला.
त्याला हे दाखवले असते तर हसला असता:
रस्त्याला चिकटावं म्हणून मऊ,
मऊ म्हणून वीस हजारांत खलास,
आणि दुसरा जन्म नाही.
हे तर झिजलेही नाहीत, बाबा.

जोविटोने निम्मे पैसे दिले. गुरुवारी दाबोळीहून उडाला.
टायर शनिवारी आले.

सोमवारी एस्कोलास्टिकाबाय आली,
म्हापशाचा बाजार करून, पिशवीत पाव आणि सुकी सुंगटं.
किती झाले ते पोर सांगत नाही, म्हणाली.
मी एक शून्य गिळलं.
अठरा हजार चारशे.
ती मटकन बसली, होती त्या चळतीवरच.
"सायबा! चार चाकांना अठरा हजार?
गेल्या साली अर्धं घर शाकारून झालं माझं त्यात!"
कौलं किती फुटली, माणसं किती लागली,
माकडांनी काय केलं, सगळं सांगितलं तिने,
आणि बोलता बोलता खाली हात फिरवत राहिली.
"हे कुणाचे गो इतके मऊ?"
मी म्हटलं, तुमचेच.
ती उठली, पदर नव्हता म्हणून फ्रॉकच्या टोकाने
बसली होती ती जागा पुसली.

"तो येईस्तोवर राहतील ना नीट?"
राहतील, म्हटलं.
गाडी मीच जाऊन चार चिऱ्यांवर चढवून आलोय,
चिरा पन्नास रुपयांना एक,
त्यांचा आकडा मी तिला पूर्ण सांगितला.

बस आली, ती गेली.
मी चारही टायर गोणपाटात गुंडाळले,
खिडकीपासून लांब, मागच्या खोलीत,
आकडे भिंतीकडे करून.
आले त्या दिवशीच ते सात महिन्यांचे होते.